नंदुरबारवरचा प्रबंध सापडत नाही? जुन्या नावाने शोधून बघा

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना एसटीत बसून, आवाज बंद ठेवून वाचायचंय त्यांच्यासाठी. प्रत्येक मथळ्याआधी वेळ दिलीय, तेवढाच तुकडा ऐकायचा असेल तर थेट तिथे जा.)

००:०० | प्रश्न काय आहे

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. शहादा तालुक्यातली आपली एक श्रोती एमए करतेय. तिला पावरा समाजातल्या लग्नगीतांवर काम करायचंय. तिने मोबाईलवर शोधगंगा उघडलं, शोधायच्या चौकटीत मराठीत 'नंदुरबार पावरा लग्नगीते' असं टाकलं आणि हाती काही लागलं नाही. तिने विचारलंय, "दादा, म्हणजे यावर आजवर कुणी कामच केलेलं नाही का? मी माझ्या प्रस्तावात तसं लिहू का?"

ताई, एवढ्यावरून नको लिहूस. शून्य निकाल म्हणजे शून्य संशोधन नव्हे. शून्य निकालाचा अर्थ एवढाच, की तू टाकलेली अक्षरं आणि त्या यादीत नोंदवलेली अक्षरं जुळली नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं आणि कामाला लागलो, पीएचडीच्या वाटेला गेलो नाही. पण दिवसभर माझं काम डेटाबेस आणि सर्च याच गोष्टींशी असतं. त्यामुळे हा प्रश्न मी यंत्राच्या बाजूने सोडवून दाखवणार आहे.

आणि हे फक्त एमए-पीएचडीवाल्यांसाठी नाही बरं का. विचार करा, गेली कित्येक वर्षं अभ्यासक मंडळी धडगाव, मोलगी, तोरणमाळ, नवापूर या भागात येतायत. कुणी प्रश्नावली घेऊन येतं, कुणी टेप घेऊन, कुणी झाडपाल्याचे नमुने गोळा करायला. आपल्या आजीने त्यांना गाणी सांगितली, गावच्या पुजाऱ्याने औषधी मुळ्या दाखवल्या, धरणात जमीन गेलेल्यांनी आपली कहाणी सांगितली. त्यातून जाडजूड प्रबंध तयार झाले आणि जळगाव, पुणे, मुंबईच्या कपाटांत गेले. ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरात त्याचं एक पानही परत आलं नाही. आज त्यातले बरेच प्रबंध फुकट, मोबाईलवर वाचता येतात. अडचण उरली ती फक्त सापडण्याची.

०२:४० | शोधगंगा म्हणजे नक्की काय

ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातल्या विद्यापीठांत पीएचडीसाठी जे प्रबंध लिहिले जातात, त्यांचं हे एकत्र डिजिटल भांडार आहे. ते चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र, म्हणजे यूजीसीचीच एक संस्था. यूजीसीने २००९ साली पीएचडीचे नियम काढले, त्यात प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणं आणि ती सगळ्यांना खुली ठेवणं आलं. तेव्हापासून विद्यापीठं नवे प्रबंध इथे टाकतायत आणि जुनेही स्कॅन करून चढवतायत. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत.

पत्ता सोपा आहे: शोधगंगा डॉट इन्फ्लिबनेट डॉट एसी डॉट इन. वाचायला लॉगिन नाही, फी नाही.

याचं एक धाकटं भावंड आहे, शोधगंगोत्री. तिथे प्रबंध नसतो, प्रबंधाचा आराखडा असतो. म्हणजे पीएचडीला नुकतंच नाव नोंदवलेल्यांनी 'मी हे करणार आहे' म्हणून दिलेला सारांश. तुमच्या विषयावर सध्या कुणी काम करतंय का, याचा अंदाज घ्यायला ती जागा बघा.

एक मर्यादा आत्ताच सांगून ठेवतो. शोधगंगा मुख्यतः पीएचडीसाठी आहे. काही एमफिलचे प्रबंधही सापडतात. पण एमएचे लघुप्रबंध, एमएसडब्ल्यूचे क्षेत्रकार्य अहवाल तिथे शोधत बसू नका. ते कुठे बघायचे, ते शेवटी सांगतो.

०४:५० | पोतं आणि चिठ्ठी

आता मुद्द्यावर येऊ. नंदुरबारची मिरची बाजारपेठ तुम्हाला माहीत आहे. समजा एका मोठ्या गोदामात हजारो पोती रचलीत आणि प्रत्येक पोत्यावर एक चिठ्ठी आहे. तुम्ही मुनीमजींना म्हणालात, 'लाल मिरची दाखवा.' पण चिठ्ठीवर लिहिलंय 'जरेला'. मुनीमजी नवीन आहेत, त्यांना मिरचीतलं काही कळत नाही. ते पोतं उघडून बघत नाहीत, फक्त चिठ्ठ्या वाचतात. ते सांगणार, 'लाल मिरची नाही आपल्याकडे.' गोदाम मिरचीने भरलेलं आहे, तरी!

शोधगंगाची सर्च म्हणजे हे नवीन मुनीमजी. तिच्यामागे डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि एचपी कंपनीने मिळून ते २००२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. जगभरातली अनेक विद्यापीठं आपले प्रबंध त्यातच ठेवतात. प्रत्येक प्रबंधाला एक चिठ्ठी असते. आमच्या भाषेत मेटाडेटा. त्यावर शीर्षक, संशोधकाचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, कीवर्ड, विद्यापीठ, विभाग, पूर्ण झाल्याचं वर्ष, कधी कधी सारांश असं लिहिलेलं असतं. तुम्ही शब्द टाकलात की मुख्यतः या चिठ्ठ्यांशी तो पडताळला जातो. अक्षरं जुळली तर निकाल, नाही तर नाही. 'पावरा' आणि 'बारेला' यांचं नातं यंत्राला माहीत नसतं.

त्यात मराठी प्रबंधांची आणखी गंमत आहे. प्रबंध आतून पूर्ण मराठीत असतो, पण चिठ्ठीवर शीर्षक बऱ्याचदा इंग्रजी लिपीत लिहिलेलं असतं, आपण व्हॉट्सअॅपवर लिहितो तसं. त्यामुळे देवनागरीत शोधलं की तो प्रबंध समोर असूनही दिसत नाही. आपल्या श्रोतीचा पहिला अडथळा हाच असण्याची दाट शक्यता आहे.

मग कुणी म्हणेल, चिठ्ठी जाऊ दे, गूगल तर आतलं पान न् पान वाचतं ना? वाचतं, पण वाचण्यासारखं असेल तर! जुने प्रबंध टंकलिखित प्रतीवरून स्कॅन केलेले असतात. तिथे पान म्हणजे नुसता फोटो. त्यानंतरच्या काळातले अनेक प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टाइप झालेत. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी अक्षर साठवण्याची युक्ती अशी होती, की आत इंग्रजी अक्षराचा कोड ठेवायचा आणि फाँटने त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचा. स्क्रीनवर दिसतं झकास मराठी. पण तेच वाक्य कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडतो. गूगललाही तोच कचरा दिसतो.

थोडक्यात काय, तर मराठीतला जुना प्रबंध पोतं उघडून शोधता येत नाही. चिठ्ठीवर काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधूनच तो काढावा लागतो. आणि हा अंदाज मशीनपेक्षा आपल्याला, इथल्या माणसांना, जास्त चांगला बांधता येतो.

०८:१० | आपल्या जिल्ह्याची जुनी नावं

आता सगळ्यात महत्त्वाचं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. माझ्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण त्यानंतर जन्मलेले. आपल्याला वाटतं, हे नाव कायमचंच आहे. पण १९९५ साली कुणी अक्कलकुव्याच्या वनौषधींवर प्रबंध पूर्ण केला असेल, तर त्याच्या शीर्षकात 'धुळे जिल्हा' असणार. कारण तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो.

त्याच्याही मागे जा. धुळे जिल्ह्याचं आधीचं नाव पश्चिम खानदेश. आणि १९०६ पर्यंत तर पूर्व-पश्चिम असंही काही नव्हतं, सगळा मिळून एकच खानदेश. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा जो बारावा खंड निघाला, तो 'खानदेश' या एकाच नावाने.

म्हणून शोधताना जिल्ह्याची तीन नावं वापरा: नंदुरबार, धुळे आणि खानदेश. तिन्ही इंग्रजी लिपीत, आणि मग देवनागरीतही. धुळ्याचं जुनं इंग्रजी रूप 'धुलिया' होतं, तेही टाकून बघा.

मग तालुके. आपले तालुके सहा, पण स्पेलिंगं मोजायला गेलात तर डझनावर जातील. अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण धडगाव, त्यामुळे एकाच भागावरचा एक प्रबंध 'अक्राणी' म्हणतो, दुसरा 'धडगाव'. नवापूरमध्ये मधलं अक्षर कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. अक्कलकुव्यात एक के की दोन, शेवटी व्ही की डब्ल्यू, इथेच चार रूपं झाली. सातपुड्याचं इंग्रजीत शेवटचं अक्षर कुणी 'डी'ने लिहितं, कुणी 'आर'ने. हा 'आर'वाला सातपुरा सगळ्यात जास्त फसवतो, कारण इंग्रजी प्रबंधांत तो सर्रास असतो आणि आपल्या तोंडी तो कधीच येत नाही.

समाजांच्या नावांचं तसंच. पावरा हे नाव इंग्रजीत डब्ल्यूनंतर 'ए' घालून, न घालता, किंवा डब्ल्यूच्या जागी व्ही घालून लिहिलेलं सापडतं. मावची, कोकणा, गावित, तडवी, वसावे, भिलाला, प्रत्येकाची अशी दोन-तीन रूपं आहेत. आणि सीमा ओलांडली की नावच बदलतं. आपल्याकडचे कोकणा गुजरातमध्ये 'कुकणा' म्हणून नोंदले जातात. आपण पावरा म्हणतो, त्यांच्याशी नातं असलेल्या लोकांना मध्य प्रदेशात बडवानीकडे 'बारेला' म्हणतात. चिठ्ठी लिहिणारा ज्या बाजूचा, नाव त्या बाजूचं.

१०:५० | विद्यापीठाचीही नावं बदलली

शोधगंगामध्ये विद्यापीठांच्या यादीतून आत शिरण्याचीही सोय आहे. विद्यापीठ निवडायचं, मग विभाग निवडायचा, मग यादी चाळायची. ही वाट सर्चपेक्षा हळू असते, पण खात्रीची असते. फक्त कुठल्या विद्यापीठाचं दार ठोठावायचं, ते नीट ठरवा.

आज आपलं विद्यापीठ जळगावचं, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. त्याआधी नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ज्याला आपले मोठे भाऊ-बहीण आजही 'उमवि' म्हणतात. पण तेही स्थापन झालं १९९० मध्ये. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून १९८० च्या दशकात नंदुरबारच्या एखाद्या प्राध्यापकांनी पीएचडी केली असेल, तर ती बहुधा पुण्याच्या खात्यात असणार. आणि पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. पुणे विद्यापीठच मुळात १९४९ चं, त्याआधीचा काळ असेल तर मुंबई विद्यापीठ.

म्हणून इंग्रजी यादीत उमवि 'एन'खाली दिसलं नाही म्हणून परत फिरू नका, 'के'खाली कवयित्री बघा. पुणे 'पी'खाली नसेल, तर 'एस'खाली सावित्रीबाई बघा.

शिवाय सातपुड्यावर काम फक्त महाराष्ट्रातच झालेलं नाही. सुरतचं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ, इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, दिल्लीचं जेएनयू, ही दारंही ठोठवा. आणि काही काम थेट परदेशातल्या विद्यापीठांत जमा झालंय. अमिता बाविस्कर यांनी नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, अलिराजपूर भागातल्या भिलालांमध्ये राहून केलेली पीएचडी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची आहे. त्यातून १९९५ मध्ये 'इन द बेली ऑफ द रिव्हर' हे पुस्तक आलं. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या काठावरून ती गावं फार लांब नाहीत. पण फक्त शोधगंगा बघणाऱ्याला हे काम कधी भेटणारच नाही.

१३:०० | आता प्रत्यक्ष शोधू

आपल्या श्रोतीचाच विषय घेऊ: पावरा लग्नगीतं. मी या क्रमाने जाईन.

पहिली पायरी. तीन शब्द एकदम टाकायचे नाहीत. जितके शब्द जास्त, तितक्या अटी जास्त. आधी एकच शब्द, 'पावरा', इंग्रजी लिपीत. मग त्याची बाकीची रूपं. मग देवनागरीत. शब्दाच्या शेवटी फुली, म्हणजे स्टारचं चिन्ह, लावून बघा. पहिली काही अक्षरं आणि मग स्टार, याचा अर्थ 'इथून पुढे काहीही चालेल'. त्याने बरीच स्पेलिंगं एका फटक्यात येतात.

दुसरी पायरी. विषय रुंद करायचा. शीर्षकात 'लग्नगीतं' असतीलच असं नाही. ती 'लोकगीते', 'लोकसाहित्य', 'मौखिक परंपरा', 'आदिवासी संस्कृती', 'विवाहविधी' यांपैकी कशाच्याही पोटात असू शकतात. बऱ्याचदा एक अख्खं प्रकरण आपल्या विषयावर असतं आणि शीर्षकात त्याचा पत्ताही नसतो. 'खानदेशातील आदिवासी लोकसाहित्य' अशा धाटणीचं शीर्षक दिसलं, तर आत जाऊन अनुक्रमणिका बघाच.

तिसरी पायरी, माझी सगळ्यात आवडती. एक बरा प्रबंध सापडला की सर्च बंद करा आणि साखळी धरा. त्या पानावर मार्गदर्शकाचं नाव असतं. त्या नावाने शोधा. एका मार्गदर्शकाचे विद्यार्थी बऱ्याचदा जवळजवळच्या विषयांवर काम करतात, त्यामुळे एकातून चार निघतात. मग तो विभाग उघडा. मग प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची काढा. तिथे लेखकाने स्वतः वाचलेले जुने प्रबंध दिलेले असतात, त्यातले काही अजून ऑनलाईन आलेले नसतात. ही सूची माणसाने, विषय कळणाऱ्या माणसाने तयार केलेली असते. कुठल्याही सर्चपेक्षा ती वरचढ.

चौथी पायरी, गूगलकडून तेच भांडार चाळणं. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', मग कोलन, मग जागा न सोडता शोधगंगाचा पत्ता, आणि त्यापुढे आपला शब्द. गूगल फक्त त्या भांडारात शोधतं. स्पेलिंग थोडं इकडचं तिकडे झालं तरी ते सांभाळून घेतं, जे शोधगंगाच्या आतल्या सर्चला तितकं जमत नाही. नेमकी जोडी हवी असेल तर दोन शब्दांना अवतरण चिन्हं लावा.

पाचवी पायरी, सापडलेल्याची नोंद. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता जपू नका, तो बदलू शकतो. प्रत्येक प्रबंधाला एक कायमचा क्रमांक असतो, त्याला हँडल म्हणतात. शोधगंगाच्या सगळ्या हँडलची सुरुवात १०६०३ ने होते, मग तिरकी रेघ आणि मग त्या प्रबंधाचा स्वतःचा आकडा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला होता, आठवतंय ना? तर हँडल म्हणजे प्रबंधाचं आधार. घर बदललं तरी नंबर तोच. वहीत शीर्षक, लेखक, वर्ष आणि हँडल एवढं लिहून ठेवलं की काम झालं.

१६:३० | सापडला, आता वाचायचा कसा

प्रबंध तीनशे पानांचा बघून घाबरू नका. शोधगंगावर तो तुकड्या-तुकड्यांत असतो. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, अनुक्रमणिका वेगळी, प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी. धडगावच्या वरच्या अंगाला जिथे नेटवर्क एक काडी येतं आणि जातं, तिथे ही मोठी सोय आहे. हवं तेवढंच प्रकरण उतरवून घ्यायचं.

माझा क्रम असा: आधी अनुक्रमणिका. मग ज्या फाईलच्या नावात ऐंशी हा आकडा आणि 'रेकमेंडेशन' हा शब्द असतो ती, तिथे निष्कर्ष असतात. मग संशोधन पद्धतीचं प्रकरण: कुठली गावं, किती माणसं, कुठल्या वर्षी. आणि मग थेट शेवटची परिशिष्टं. खरा खजिना परिशिष्टांत असतो. तिथे गोळा केलेली गाणी, शब्दांच्या याद्या, वनस्पतींची स्थानिक आणि शास्त्रीय नावं, प्रश्नावल्या मिळतात. अभ्यासकाचा निष्कर्ष तुम्हाला पटेल न पटेल, पण त्याने तेव्हा लिहून घेतलेलं गाणं आज गाणारं कुणी उरलेलं नसेल.

याचा उपयोग फक्त परीक्षेपुरता नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. त्यात आपल्या जंगलात कोणकोणत्या वनस्पती आहेत, त्यांचं काय होतं, हे लिहावं लागतं. आपल्या तालुक्यावरचा वनस्पतिशास्त्राचा एखादा प्रबंध असेल, तर स्थानिक नावांसह तयार यादी हातात येते. ती घेऊन गावातल्या जाणत्या माणसांसमोर बसा, चुकलेलं दुरुस्त करा, राहिलेलं भरा. प्रबंध म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. बाहेरून आलेल्याने चार दिवसांत ऐकलेलं चुकीचंही असू शकतं, आणि ते ओळखणारे आपणच आहोत.

आणि हो, वापरलं की नाव द्यायचं. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल वेगळे नियम केलेत. सॉफ्टवेअर साम्य मोजतं, जास्त निघालं तर प्रबंध परत येतो. पण नियम बाजूला ठेवा. ज्या आजीने गाणं दिलं तिचं नाव अभ्यासकाने लिहिलं असेल, तर तुम्हीही लिहा.

१९:०० | तुमचे प्रश्न

'सगळं करून पाहिलं, तरी नाही सापडलं?' मग तीन शक्यता. तो प्रबंध अजून चढवलेला नसेल, त्याच्या काही भागावर ठरावीक काळाचा निर्बंध असेल, किंवा काम पीएचडीचं नसून एमएचं असेल. तिन्ही वेळी उपाय एकच, ग्रंथालयात जायचं. कॉलेजच्या मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र विभागांच्या कपाटांत लघुप्रबंध बांधून ठेवलेले असतात. ग्रंथपालांना विषय न सांगता गावं सांगा. 'मोलगी-काठीकडचं काही आहे का?' असं विचारलं की त्यांना चटकन आठवतं.

'जुनं, इंग्रजी काळातलं कुठे बघू?' पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचं स्वतःचं डिजिटल भांडार आहे. जुनी पुस्तकं, अहवाल तिथे बघायला मिळतात.

'ऑनलाईन आहेच, तर उतरवून कशाला ठेवायचं?' ब्रिटिश लायब्ररीची ईथॉस नावाची सेवा होती, तिकडच्या विद्यापीठांच्या प्रबंधांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ती सेवा दीर्घकाळ बंद पडली. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होऊ शकतं, तर कामाची फाईल आपल्या मेमरी कार्डवर असलेली बरी.

२०:२० | चिठ्ठी लिहिणारे आपणच

शेवटचं, आणि हे खास पुढे पीएचडी करणाऱ्यांसाठी. ही सगळी शोधाशोध का करावी लागते? कारण चिठ्ठी लिहिताना कुणी पुढच्या वाचकाचा विचार केला नाही. तुमचा प्रबंध जमा कराल तेव्हा कीवर्डची यादी स्वतः करून ग्रंथालयात द्या. त्यात गावांची नावं, तालुका, जिल्ह्याचं आजचं आणि जुनं नाव, समाजाच्या नावाची सगळी रूपं, भाषेचं नाव, हे सगळं दोन्ही लिप्यांत घाला. मराठी सारांश युनिकोडमध्ये टाइप करा. दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यामुळे पंधरा वर्षांनी तोरणमाळच्या एखाद्या पोरीने तिच्या बोलीतला शब्द मोबाईलवर टाकला, तर पहिल्याच फटक्यात तुमचा प्रबंध तिच्यासमोर येईल.

तोवर बाकीच्यांना गृहपाठ. आज रात्री आपल्या तालुक्याचं नाव घ्या, त्याची तीन स्पेलिंगं लिहा, जिल्ह्याची तीन नावं लिहा आणि शोधगंगावर टाकून बघा. आपल्या गावाबद्दल कुणी काय लिहिलंय ते सापडलं, तर हँडलसकट मेसेज करा. जमतील तेवढे पुढच्या भागात वाचून दाखवतो.

चला, भेटू पुढच्या भागात. घरातल्या मोठ्यांना हा भाग ऐकवा, कारण जुनी नावं त्यांनाच जास्त आठवतात.